चांदीच्या मातीचे दागिने: कल्पना पुण्यात शोधायच्या, तडे घरात टाळायचे

मेटल क्ले, म्हणजे धातूच्या पुडीची मळता येणारी माती, शिकायला लागलेल्या माणसाच्या तक्रारी दोनच असतात. सुरुवातीला ‘काय करू ते सुचत नाही’ आणि थोड्या दिवसांनी ‘केलं ते तडकलं’. माझ्या मते ही तक्रार एकच आहे. कल्पना उचललेली असते तारकामाच्या किंवा ओतकामाच्या दागिन्याच्या फोटोवरून आणि करायची असते मातीत. मातीला न झेपणारं काम तिच्याकडून करून घेतलं की ती तडकते. म्हणून या लेखात कल्पना आणि अडचणी वेगवेगळ्या केलेल्या नाहीत.

आधी माल ओळखा

सिल्व्हर क्ले म्हणजे चांदीची अतिशय बारीक पूड, ती धरून ठेवणारं जळून जाणारं बाइंडर आणि पाणी. १९९० च्या सुमारास जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने हा प्रकार काढला. ‘आर्ट क्ले’ हा दुसरा प्रसिद्ध ब्रँडही जपानचाच. भट्टीत बाइंडर जळतं, चांदीचे कण न वितळता एकमेकांना चिकटतात आणि हातात उरते ९९९ शुद्धतेची चांदी.

या प्रक्रियेत वस्तू आकसते. आजच्या बहुतेक सिल्व्हर क्ले ८ ते १५ टक्के आकसतात, सुरुवातीच्या काळातली माती तर पाव भागाहून जास्त आकसायची. तुमच्या पाकिटावर किती टक्के लिहिलंय ते पाहून वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा, पुढे प्रत्येक मापाला ते लागणार आहे.

तांब्याची आणि ब्राँझची क्ले स्वस्त पडते, पण ती बहुतेक वेळा स्टीलच्या डब्यात, कोळशाच्या पुडीत पुरून, भट्टीत बराच वेळ भाजावी लागते. घरी भट्टी नसेल तर सुरुवात थोड्याशा चांदीनेच करा.

पायरी १: आकार शोधू नका, पोत शोधा

या मातीचं खरं बळ ठसा घेण्यात आहे. बोटाच्या रेषासुद्धा ती जशाच्या तशा उचलते. त्यामुळे कल्पना शोधायला निघताना ‘कसलं पेंडंट करू?’ असं विचारू नका, ‘कुठला पृष्ठभाग उचलू?’ असं विचारा. पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न विचारल्यावर तोटा पडायचं कारण नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथले तांबट तांब्याच्या भांड्यावर ओळीने ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोका उजेडाचा एक ठिपका पकडतो. हाच पोत चांदीवर सुंदर दिसतो, पण एक मेख आहे. माती थेट भांड्यावर दाबली तर खळगे उलटे, म्हणजे फुगीर येतात. मूळ खळगे हवे असतील तर आधी सिलिकॉन पुट्टीने भांड्याचा साचा घ्या आणि माती त्या साच्यात दाबा. दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात ती दोन भाग मिसळायची पुट्टी चालते. मला स्वतःला उलटा, फुगीर मठारच जास्त आवडतो. तो हुबेहूब नसतो, म्हणून स्वतःचा वाटतो.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ हा दुसरा खजिना. अठराव्या शतकातलं हे काळ्या दगडाचं देऊळ बाहेरून कोरीवकामाने भरलेलं आहे, दर्शनी भागावर चक्क गेंडा आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, कोरीव उठाव तेव्हा स्पष्ट दिसतो. अख्खी मूर्ती छोटी करायच्या फंदात पडू नका. एखादी किनार, एका पाकळीची कमान पुरे. आणि कृपा करून तिथे पुट्टी दाबू नका! जुन्या दगडाला ती इजा करते. फोटो काढा, घरी येऊन पॉलिमर क्लेच्या (ओव्हनमध्ये कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीच्या) पाटीवर नक्षी कोरा, ती ओव्हनमध्ये भाजा आणि चांदीची माती तिच्यावर दाबा.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मात्र पोत नको, बाह्यरेषा बघा. तिथले अडकित्ते आणि दिवे पाहताना डोळे किलकिले करा. आतली नक्षी पुसट होऊन नुसती काळी आकृती उरते, ती पेन्सिलने वहीत उतरवा. पानसुपारीच्या जमान्यातल्या कारागिरांनी मोर आणि घोडे कसे चपटे केले आहेत ते पाहण्यासारखं आहे. चपटं, एकसंध आणि बारीक टोकं नसलेलं असं सगळं या मातीला मानवतं.

घरातही बरंच सापडतं. करंज्यांचं कातण, रांगोळीचे ठसे, वाळलेल्या दोडक्याची जाळी, आजीच्या पोलक्याची लेस. पानाचा ठसा घ्यायचा तर जास्वंदीचं पान घ्या आणि उलट्या बाजूवर काम करा, शिरा तिथेच उठून दिसतात. क्लेची पातळ पेस्ट ब्रशने लावायची, वाळू द्यायची, पुन्हा लावायची, असे दहाएक थर. पान भट्टीत जळून जातं आणि शिरांसकट चांदीचं पान उरतं. फार मेणचट पान घेतलंत तर पेस्ट घसरते.

आता पारंपरिक दागिन्यांबद्दल, कारण मराठी माणूस तिकडे वळतोच. ठुशीचे मणी मातीत करायला बसू नका, तो सोनाराचा प्रांत आहे. नथीतले मोती भट्टीत टिकणार नाहीत, ते शेवटी तारेनेच गुंफावे लागतात. पण पायातल्या मासोळ्या बघा. चपटा मासा, खवल्यांचा पोत, कडीने जोडलेले भाग. या मातीसाठीच घडवल्यासारखी गोष्ट आहे. कोल्हापुरी साजातलंही एकच पान घ्या आणि मोठं करून एकटं लटकवा.

इतकं गोळा झाल्यावर अडायला होतं ते भलत्याच कारणाने, फार पर्याय असल्याने. त्यावर उपाय एकच: एक पोत निवडा आणि त्याच पोताचे चार-पाच वेगळे तुकडे करा. तिसऱ्या-चौथ्याला हात मोकळा होतो.

पायरी २: माप वाढवून कागदावर उतरवा

हवं ते माप, भागिले आकसल्यावर उरणारा हिस्सा. माती १० टक्के आकसत असेल आणि पेंडंट १८ मिलिमीटरचं हवं असेल तर १८ भागिले ०.९, म्हणजे २० मिलिमीटरचा साचा कापा. जाडीही आकसते. पेंडंटला दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा लाटा, अंगठीला त्याहून जाड. शुद्ध चांदी मऊ असते, पातळ अंगठी बोटातच वाकते. अंगठी म्हणूनच पहिल्या कामाला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३: आधी फुकटच्या मातीवर

पॉलिमर क्लेवर नाहीतर मळलेल्या कणकेवर संपूर्ण रचना एकदा करून पहा. कुठे हात अडतो ते तिथेच कळतं. चांदीचं पाकीट उघडल्यावर विचार करायला वेळ नसतो.

पायरी ४: लाटणं आणि ठसा

हाताला आणि पोताच्या पाटीला ऑलिव्ह तेलाचं अगदी पुसट बोट लावा. खोबरेलही चालतं, पण पुण्याच्या डिसेंबरात ते गोठतं. तेल जास्त झालं तर घड्यांमध्ये जाऊन बसतं आणि तिथेच पुढे फट पडते. मातीच्या दोन बाजूंना पत्त्यांचे सारखे गठ्ठे ठेवून त्यावरून रूळ फिरवा. चार पत्ते म्हणजे साधारण एक मिलिमीटर, म्हणून दीडसाठी सहा पत्ते. ठसा एकाच दाबात घ्या. पुन्हा दाबलं की दुहेरी रेघा येतात.

आता पंखा बंद करा. एप्रिलच्या कोरड्या दुपारी डोक्यावर पंखा असेल तर माती पाच मिनिटांत वरून कोरडी पडते, वाकवली की बारीक भेगा पडतात, आणि दोष मातीला दिला जातो. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करा, उरलेली माती लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि ओल्या स्पंजासोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. अॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवू नका, त्याने चांदीची माती खराब होते. कोरडी पडू लागलेली माती डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब घालून प्लास्टिकमध्येच मळा आणि रात्रभर मुरू द्या.

पायरी ५: वाळवणं

पावसाळ्यात हीच गोष्ट उलटते. तुकडा वरून वाळलेला दिसतो, आत ओल असते. ओला तुकडा तापवला की आतल्या वाफेने फुगतो किंवा फुटतो. खात्री करायची रीत सोपी आहे: तुकडा कोमट करून आरशावर ठेवा, उचलल्यावर खाली धुकं दिसलं तर अजून वाळायचाय. टेबललॅम्पखाली ठेवा, मधूनमधून उलटा.

पूर्ण वाळलेला तुकडा खडूसारखा ठिसूळ असतो, पण घासकामाची वेळ हीच. कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करा, भोक हातानेच ड्रिल फिरवून पाडा. चांदी झाल्यावर याच कामाला दसपट घाम लागतो. घासताना पडलेली पूड कागदावर गोळा करा, पाणी घातलं की तीच तुमची पेस्ट.

तडा दिसला तर वरवर लिंपू नका. टोकदार सुईने तो थोडा रुंद करा, ओला करा, पेस्ट आतपर्यंत भरा, थोडी फुगीर ठेवा, कारण वाळल्यावर ती बसते. मग घासून सपाट करा.

पायरी ६: भाजणं

भट्टी मिळत असेल तर ९०० अंश सेल्सिअसला दोन तास, त्यात चांदी सर्वांत मजबूत होते. कमी तापमान आणि कमी वेळही पाकिटावर दिलेला असतो. आत बसवलेला खडा किंवा काच जास्त उष्णता सोसत नसेल तेव्हा हा कमी तापमानाचा पर्याय वापरायचा. क्युबिक झिरकोनिया (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा) मातीत बसवून भाजता येतो, पण थंड होऊ द्यावा आपसूक, पाण्यात टाकला तर तडकतो. पाचू, फिरोजा, ओपल, मोती भाजू नका.

भट्टी नसेल तर ब्युटेन टॉर्च (हातात धरायचा गॅसचा छोटा बर्नर) आहे, पण रुपयाच्या नाण्याएवढ्या छोट्या तुकड्यांसाठीच. उष्णतारोधक विटेवर, खिडकी उघडी ठेवून, पडदे आणि ओढणी दूर सारून. आधी थोडा धूर आणि लहानशी ज्योत निघते, ती बाइंडरची, घाबरू नका. मग तुकडा पांढरा पडतो आणि हळूहळू फिकट नारिंगी तापतो. खोलीत उजेड कमी केला तरच हा रंग दिसतो. तो दिसल्यावर घड्याळ लावा: लहान तुकड्याला दीड-दोन मिनिटं, मोठ्याला जास्त. ज्योत सतत फिरती ठेवा. पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागला तर ज्योत ताबडतोब मागे घ्या, चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते आणि तुम्ही तिथे पोचला आहात.

प्रत्येक वेळी सोबत एक पातळ पट्टी भाजा. थंड झाल्यावर ती वाकवा. वाकली तर काम झालं. मोडली तर भाजणं अपुरं आहे, दागिना पुन्हा भाजायला हरकत नाही.

पायरी ७: झळाळी

भाजलेला तुकडा पांढराफटक निघतो, नवशिक्याचा चेहरा तिथे पडतो. साबणाच्या पाण्यात पितळी ब्रशने घासा, चांदी वर येते. उठावाच्या कडांवर सोनाराची ओपणी (दाबून घासून चकाकी आणायचं गुळगुळीत हत्यार) फिरवा, खळगे मंद राहू द्या. खळगे काळे करायचे असतील तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून दागिन्यासोबत बंद डबीत ठेवा. त्यातलं गंधक चांदी काळवंडवतं. रंग हवा तेवढा आला की धुवून वरचा भाग पुसून घ्या.

एखादा तुकडा फसलाच तर तो भाजलेला आहे की नाही ते पहा. न भाजलेला असेल तर कुटून पेस्टच्या डबीत टाका. भाजलेला असेल तर ती चांदीच आहे. असे तुकडे साठवा आणि सराफाकडे मोडीत घाला. फक्त तो कसाला लावून बघेल आणि कुठून आणली ते विचारेल, तेव्हा पाकीट सोबत ठेवा.