खात्री नसलेली हद्द नकाशावर कशी दाखवावी: क्यूजीआयएसमधील पद्धत

प्रत्यक्ष मोजून आखलेली हद्द आणि जुन्या नकाशावरून अंदाजाने ओढलेली हद्द, दोन्ही क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर सारख्याच ठाम दिसतात. पॉलिगॉनला (हद्दीच्या बंद आकृतीला) ‘अंदाजे’ असा शेरा जोडून हे सुटत नाही, कारण बहुतेक वेळा तीन बाजू पक्क्या असतात आणि चौथीचाच घोळ असतो. म्हणून खात्रीची नोंद रेषेच्या तुकड्यावर हवी.

आधी प्रकार ठरवा. रेषा जमिनीवर आहे, फक्त नेमकी कुठे ते माहीत नाही, की मुळात रेषाच नाही? दलदलीची कड दुसऱ्या प्रकारात येते. वादातल्या हद्दीत मात्र दोन्ही बाजूंच्या रेषा नेमक्या असतात, फक्त जुळत नाहीत. तिथे दोन्ही काढा. मधोमध तिसरी ओढली, तर ती कोणाचीच नसते.

१. रेषांचा लेयर. जिओपॅकेजमध्ये (नकाशाचा डेटा साठवणाऱ्या फाइलमध्ये) लाइन लेयर, म्हणजे रेषांचा थर, तयार करा. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) मीटरमधले, उदाहरणार्थ यूटीएम, घ्या. फील्ड (माहितीचे रकाने) तीन: प्रकार, त्रुटी (मीटरमध्ये) आणि स्रोत. स्नॅपिंग (टोके आपोआप जुळवणारी सोय) चालू ठेवा आणि जिथे खात्री बदलते तिथे रेषा तोडा. पॉलिगॉन नंतर ‘पॉलिगॉनाइझ’ या साधनाने याच रेषांपासून बनवा, टोके जुळलेली नसतील तर तो पॉलिगॉन तयारच होणार नाही.

उलट दिशेने गेलात, म्हणजे पॉलिगॉनच्या रेषा केल्यात, तर शेजाऱ्यांची सामाईक हद्द दोनदा येते. एकीच्या तुटक रेषेतल्या फटी दुसरीच्या तुकड्यांनी भरतात आणि तुटक रेषा अखंड दिसू लागते. स्टाइलमध्ये चूक शोधण्यात वेळ जातो. चूक डेटात असते.

२. त्रुटीचा आकडा. १:५०,००० च्या कागदी नकाशावर ०.५ मिमीची चूक म्हणजे जमिनीवर २५ मीटर. जिओरेफरन्सिंगची (कागदी नकाशा खऱ्या जागेवर बसवण्याची) चूक १५ मीटर असेल, तर दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: सुमारे २९ मीटर. नुसती बेरीज केली तर ४० येतात, आणि रेषेभोवतीचा त्रुटीचा पट्टा (पायरी ४) उगाच फुगतो.

३. रेषेची स्टाइल. पक्की हद्द अखंड, ०.४ मिमी. अंदाजे हद्दीला ४ मिमी रेघ, २ मिमी फट. ‘कॅप स्टाइल’ (रेघेच्या टोकाचा आकार) फ्लॅट करा. मूळची चौकोनी कॅप प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना अर्ध्या जाडीने वाढवते, त्यामुळे २ मिमीची फट १.६ उरते.

४. त्रुटीचा पट्टा. लेयरची प्रत करून ती खाली ठेवा. रेषेच्या जाडीचे एकक ‘मीटर्स ॲट स्केल’ (जमिनीवरचे मीटर) निवडा आणि जाडीच्या डेटा-डिफाइन्ड (किंमत फील्डमधून घेणाऱ्या) बटणात "त्रुटी" * 2 लिहा, कारण चूक दोन्ही बाजूंना असते. पारदर्शकता रंगाला देऊ नका. दिलीत तर जिथे तुकडे एकमेकांवर येतात तिथे गडद डाग पडतात. पारदर्शकता ‘लेयर रेंडरिंग’मध्ये, पूर्ण लेयरला द्या. प्रत वेगळी करायची ती यासाठीच, नाहीतर वरची रेषाही फिकट होते.

५. हळूहळू विरणारी कड. ‘शेपबर्स्ट फिल’ (कडेपासून आत रंग बदलत नेणारी भरण) दिसायला छान असते, पण ती पॉलिगॉनच्या आतच विरते आणि सगळीकडे सारख्याच अंतरात. म्हणून पॉलिगॉन सर्वांत बाहेरच्या शक्यतेवर आखा. एका बाजूला २० मीटरचा आणि दुसरीकडे २०० मीटरचा पट्टा असेल तर शेपबर्स्ट सोडा. गाभा आणि बाहेरची मर्यादा असे दोन पॉलिगॉन काढा.

क्षेत्रफळ देताना एकच आकडा देऊ नका. २०० मीटर बाजूचा चौरस म्हणजे ४ हेक्टर, पण त्रुटी १० मीटर असेल तर आत-बाहेर बफर (हद्दीपासून ठरावीक अंतराचा पट्टा) काढल्यावर ३.२४ ते ४.८३ हेक्टर अशी व्याप्ती मिळते. बफर अंशांतल्या प्रोजेक्शनवर काढला, तर १० म्हणजे १० अंश समजले जातात आणि पट्टा देशभर पसरतो.