पहिलं रोमन नाणं वाचायला बसण्याआधी

सगळ्यात आधी खिशातलं रुपयाचं नाणं काढा आणि वर्षाच्या आकड्याखाली बघा. हिऱ्यासारखी छोटी चौकट असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. चार-पाच नाणी अशी बघून डोळ्यांना सवय लावा. चौथ्या शतकातल्या रोमन तांब्याच्या नाण्यावर हेच करायचंय, फक्त तिथे शहराच्या जोडीला टांकसाळीतली कार्यशाळाही नोंदलेली असते. वजन किंवा धातू कमी भरला तर नाणं कोणाच्या हातून गेलं, हे त्यावरून पकडता येई.

नवखी माणसं सम्राटाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, नाणं पालथं करा. मागच्या चित्राखाली आडवी रेघ असते, तिच्याखालची अक्षरं आधी वाचा. यामागे व्यवहाराचं कारण आहे. 'रोमन इंपिरियल कॉइनेज' या सूचीचे इ.स. २९४ पासूनच्या काळाचे खंड टांकसाळीनुसार लावलेले आहेत, म्हणून शहर कळल्याशिवाय पान सापडत नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनसाठी सातवा खंड जवळ हवा. त्यात ३१३ ते ३३७ हा काळ येतो.

टेबलावर दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर आणि मान वाकवता येणारा दिवा ठेवा. उजेड वरून पडला तर झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. दिवा खाली घेऊन उजेड बाजूने पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पूड यांतलं काहीही खोलीत आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. सोळा-सतरा शतकांत चढलेल्या हिरवट-तपकिरी थरातच पुष्कळदा अक्षरांच्या कडा टिकलेल्या असतात. थर घासला की त्याही जातात.

आता अक्षरांचा तक्ता. हा स्वतःच्या हाताने लिहून काढा, छापील घेऊ नका; हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं. 'एस-एम' म्हणजे साक्रा मोनेता, पवित्र नाणं किंवा टांकसाळ. त्यापुढे 'ए-एन-टी' आलं तर अँटिओक, 'एन' निकोमीडिया, 'के' सिझिकस, 'एच' हेराक्लिया. 'एस-आय-एस' म्हणजे सिस्किया, 'टी-आर' ट्रिअर, 'पी-एल-जी' लुग्दुनुम म्हणजे आजचं ल्यों, 'पी-एल-एन' लंडन. कार्यशाळेसाठी पश्चिमेकडे बहुधा लॅटिन क्रमवाचकांची आद्याक्षरं येतात: पी पहिली, एस दुसरी, टी तिसरी, क्यू चौथी. पूर्वेकडे ग्रीक अक्षरं अंकांचं काम करतात: आल्फा, बीटा, काटकोनासारखा गॅमा, त्रिकोणी डेल्टा. तिथलं 'एस'सारखं दिसणारं अक्षर सहाचं असतं, हे लाल शाईने लिहून ठेवा. नऊ आकड्यासाठीच्या अक्षराची, थीटाची, गोष्ट मला फार आवडते. ग्रीकमध्ये मृत्यूला 'थानातोस' म्हणतात आणि तो शब्द थीटाने सुरू होतो. म्हणून तिसऱ्या शतकातल्या सम्राट प्रोबसच्या काळात अँटिओकच्या नवव्या कार्यशाळेने थीटा टाळून एप्सिलॉन आणि डेल्टा, पाच आणि चार, एकत्र छापले. त्याच प्रोबसच्या काळात तिकिनुमच्या (आजचं इटलीतलं पाविया) सहा कार्यशाळांनी एकेक अक्षर वाटून घेतलं. सहा नाणी ओळीत मांडली की 'एक्विती' असा शब्द वाचता येतो.

फसवणाऱ्या जोड्यांसाठी वेगळं पान ठेवा. ३२८ च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या आर्लचं नाव कॉन्स्टंटिना झालं, त्यामुळे तिथल्या नाण्यांवरचं 'सी-ओ-एन-एस-टी' कॉन्स्टँटिनोपलच्या 'सी-ओ-एन-एस'सारखं दिसतं. तेव्हा कार्यशाळेचं अक्षर कुठे आहे ते पाहा: आर्लला ते आधी येतं, कॉन्स्टँटिनोपलला शेवटी. 'टी-टी' वाचून चुकल्यासारखं वाटेल, पण ती तिकिनुमची तिसरी कार्यशाळा. दोन सैनिकांच्या 'ग्लोरिया एक्झर्सितुस' (सैन्याचं वैभव) असं लिहिलेल्या नाण्यावर 'पी-एल-एन' दिसलं तर मात्र पुन्हा भिंग लावा. लंडनची टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली आणि हा प्रकार ३३० पासूनचा, म्हणजे शेवटचं अक्षर बहुधा झिजलेला 'जी' असणार. याच नाण्याचं वजनही करा. सैनिकांमध्ये दोन ध्वज असतील तर साधारण अडीच ग्रॅम, एकच असेल तर साधारण दीड. अक्षरं अर्थहीन निघाली आणि चित्र ओबडधोबड असलं, तर ती त्याच काळातली नक्कल असू शकते. ती फेकू नका.

चांदणी, चंद्रकोर, टिंब, पानांचं कडं या खुणा जशाच्या तशा उतरवा. त्या बहुतेक एक तुकडी दुसरीपासून वेगळी ओळखण्यासाठी असत. प्रत्येक चांदणीत धर्म शोधायची घाई मला पटत नाही.

खरेदीची पावती आणि आधीच्या मालकाची माहिती मिळत नसेल तर नाणं घेऊ नका. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

शेवटी वही. प्रत्येक नाण्याला एक पान, त्यावर वजन, व्यास आणि तळाची अक्षरं. जे अक्षर दिसत नाही तिथे आडवी रेघ मारा, अंदाज हवाच असेल तर पेन्सिलीने समासात लिहा.