सह्याद्रीत चालायचे बूट: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाकडे जाणारी लांबलचक धार आहे. तिच्या साधारण मध्यावर माझ्या मित्राच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. दहा मिनिटांत तो चवड्यापर्यंत उघडला आणि प्रत्येक पावलाला खाली लोंबायला लागला. आम्ही बसून बघितलं. तळ आणि वरचा बूट यांच्यामधला फोम बोटाने दाबला तर बिस्किटासारखा भुगा होत होता. सॅकमधली सुतळी काढून बूट आडवा-उभा बांधला. कातळावर घासून ती दोनदा तुटली, दोनदा पुन्हा बांधली. अळू दरवाजातून संजीवनी माचीवर पोचलो तेव्हा अंधार पडायला लागला होता.

बूट जुना म्हणावा असा नव्हता. चार वर्षांपूर्वी घेतलेला, जेमतेम सहा ट्रेक झालेले, शेवटची दोन वर्षं तर खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेला. तिथेच तो खराब झाला.

चूक पहिली: "वापरलेलाच नाही, म्हणजे चांगलाच असणार"

बऱ्याच ट्रेकिंग बुटांत पायाखालचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा या फोमला हळूहळू आतून तोडत जातो. बूट घातला काय आणि नाही घातला काय, हे चालूच राहतं. उलट नियमित वापरात फोम दाबला-सुटला जातो आणि कोरडा राहतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद खोक्यात, त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला बूट जास्त लवकर जातो. वरून तो नवाकोरा दिसतो, म्हणून फसायला होतं. चालायला लागल्यावर पहिल्या तास-दोन तासांतच तळ सुटतो, आणि तोवर आपण गावापासून लांब आलेलो असतो.

म्हणून वर्षभर पडून राहिलेला बूट थेट गडावर नेऊ नका. आधी तळाच्या कडेने अंगठा दाबत फिरवा. बारीक भेगा, चिकटपणा किंवा भुगा लागला तर तो बूट संपला. तसं काही दिसलं नाही, तरी दोन दिवस घराजवळ तास-तासभर चालून बघा. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला बूट किती वर्षं गोदामात होता हे आपल्याला कळत नाही, त्यामुळे त्याचीही हीच परीक्षा घ्या. काही बुटांत ईव्हीए नावाचा फोम असतो. तो असा भुगा होत नाही, पण वापरून चपटा होतो आणि मग खडे तळव्याला टोचायला लागतात.

चूक दुसरी: खाचा बघणं, रबर न बघणं

दुकानात सगळे बूट उलटा करून खाचा बघतात. खाचा हव्यातच, चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब, म्हणजे भीमाशंकरच्या वाटेवरची लाल माती त्यांत अडकून बसणार नाही. पण सह्याद्री हा बेसाल्टचा डोंगर आहे. पावसाळ्यात या काळ्या कातळावर शेवाळाचा इतका पातळ थर धरतो की डोळ्यांना दिसतही नाही. तिथे खाच रुतायला काही नसतंच, पकड येते ती रबराच्या मऊपणातून. कडक प्लास्टिकसारख्या तळाला कितीही खोल खाचा असल्या तरी ओल्या कातळावर तो साबणासारखा सरकतो. तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर जाताना रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो. तिथे जुलैमध्ये कोण कशाला धरून चढतंय ते बघितलं तर तळातला फरक लगेच कळतो. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर तर चवडाच काय तो टेकतो.

परीक्षा सोपी आहे. तळाच्या खाचेवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. नख थोडं रुतून खूण उमटली आणि ती हळूहळू भरून आली तर रबर ठीक. नख घसरलं आणि तळ चकचकीत वाटला तर बूट परत ठेवा, किंमत काहीही असो. मऊ रबर डांबरी रस्त्यावर भराभर झिजतं हे खरं आहे. म्हणून ते बूट कॉलेजला, बाजारात, मॉर्निंग वॉकला घालू नका. गडाचे बूट गडासाठीच ठेवा.

उन्हाळ्यातलं दुखणं वेगळं. फेब्रुवारीपासून गवत वाळतं, माती सुटते आणि उतारावर मुरमाचा घसारा तयार होतो. बारीक खडे गोट्यांसारखे पायाखालून पळतात. तिथे रबरापेक्षा खोल खाच आणि टाचेची धारदार कड कामाला येते, उतरताना टाच रोवता येते. म्हणजे दोन्ही ऋतूंत एकच जोड वापरायचा असेल तर रबर मऊ आणि खाच खोल, दोन्ही बघून घ्यावं लागतं.

चूक तिसरी: पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ

हा गैरसमज सगळ्यांत जास्त पैसे खातो. वॉटरप्रूफ पडदा असलेला बूट हिमालयात, बर्फात, थंड कोरड्या हवेत फार उपयोगाचा. सह्याद्रीच्या पावसात पाणी बुटाच्या कापडातून शिरत नाही, ते वरून शिरतं. पाऊस पायावरून ओघळत मोज्यात उतरतो. ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वर येतं. एकदा आत गेलेलं पाणी तोच पडदा बाहेर पडू देत नाही. मग पाय दिवसभर कोमट पाण्यात भिजतो, कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ पडते आणि जरा घासलं तरी सोलते. बूट वाळायला दोन-दोन दिवस लागतात.

इथे जाळीचं वरचं कापड असलेला, पाणी पटकन आत येणारा आणि तितक्याच पटकन बाहेर जाणारा बूट चांगला. ओढा ओलांडल्यावर पाच-पन्नास पावलांत तो पिचपिचायचा थांबतो. पूर्वी आपल्याकडे कॅनव्हासचे हंटर शूज घालून माणसं अख्खा सह्याद्री फिरली, त्यामागे किंमत तर होतीच, पण हेही एक कारण होतं. जोडीला सुती मोजे मात्र नकोत. सूत पाणी धरून ठेवतं. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे घ्या आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त मुक्कामासाठी ठेवा. आंबोली-कोयनेच्या जंगलात जळवांचा त्रास असतो, तिथे मोजे विजारीवर ओढून घेतलेले बरे.

चूक चौथी: नेहमीचा नंबर सांगणं

"मला आठ नंबर लागतो" असं सांगून, बसल्या बसल्या एक पाय घालून बघणं म्हणजे बूट घेणं नव्हे. एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या साडेसातइतका निघतो. त्यातून बाहेरच्या देशांतल्या साच्यावर घडवलेले बरेच बूट आपल्याला चवड्याला आवळतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे जास्त रुंद आहे, असं त्यातून पुढे आलं. करंगळीला बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेतला की रुंदीबरोबर लांबीही वाढते आणि पाय आत पुढेमागे सरकायला लागतो. अशा वेळी नंबर न वाढवता रुंद साच्याचा दुसरा बूट शोधायचा.

संध्याकाळी जा, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकला घालता तेच मोजे घेऊन जा. बुटातला आतला गादीसारखा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा दोन्ही बाजूंनी त्याच्या आत मावला पाहिजे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. दोन पावलांत थोडा फरक असतोच, मोठ्या पावलाच्या मापाने घ्या. मग दोन्ही बूट घालून लेस नीट आवळा आणि बुटाचं टोक जमिनीवर तीन-चार वेळा आपटा. बोट पुढे टेकलं तर कळसूबाईवरून उतरताना काय होईल ते तिथेच कळलं. दुकानात उताराची फळी असेल तर तिच्यावर उताराकडे तोंड करून उभे राहा. नसेल तर जिना उतरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल, हे बूट तुम्हाला कळसूबाईच्या १६४६ मीटरवरून खाली आणणार आहेत.

घोट्यापर्यंतचा बूट म्हणजे सुरक्षित?

उंच बुटात घोटा मुरगळत नाही, असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. घोट्याला आधार मिळतो, घसाऱ्यातले खडे आत येत नाहीत, कारवीच्या वाळक्या खुंटांपासून बचाव होतो, एवढं खरं. पण पाऊल चुकीच्या दगडावर पडलं आणि पाठीवर बारा किलोची सॅक असली की कापडाची चार बोटं उंच कड फारसं काही धरून ठेवत नाही. कातळावर तर घोटा मोकळा वाकला पाहिजे, नाहीतर चवडा खाचेत नीट बसत नाही. एका दिवसाच्या गडाला घोट्याखालचा, हलका, पण कडक टाचेचा बूट पुरतो. मुक्कामाच्या जड सॅकसाठी, नाळेसारख्या, म्हणजे डोंगरातल्या घळीतून जाणाऱ्या दगडांनी भरलेल्या वाटेसाठी उंच बूट घ्या.

वजन मात्र जरूर बघा. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी पट जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलायचं असतं. बूट टाचेला आणि टोकाला धरून ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर दिवसभर दगडांवरून चालून तळवे जळतील. चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध नाही.

आणि एक. गावातला वाटाड्या साध्या रबरी चपलेवर आपल्यापुढे निघून जातो, म्हणून आपल्यालाही तसं जमेल असं समजू नका. त्याचं पाऊल लहानपणापासून त्या वाटेवर तयार झालंय. आपलं सपाट फरशीवर.

त्रास होतोय? कारण इथे शोधा

पायाची नखं काळी पडली की लोक पुढचा बूट मोठा घेतात. बहुतेक वेळा दोष लेसचा असतो. उतरताना पाय पुढे घसरतो आणि बोटं टोकावर आपटतात, मोठ्या बुटात तर आणखीच जोरात. उतार सुरू व्हायच्या आधी थांबा, लेस सोडा, टाच मागे आपटून बसवा आणि पुन्हा आवळा. लेस समोर न नेता त्याच बाजूच्या सगळ्यांत वरच्या भोकातून आत घालून छोटी कडी तयार करा, मग प्रत्येक टोक समोरच्या कडीतून ओवून ओढा. टाच जागच्या जागी धरली जाते. हे एवढं शिकल्यावर माझी नखं पुन्हा काळी पडली नाहीत. नखं आदल्या दिवशी कापायचीही सवय लावा.

टाचेला फोड येत असेल तर टाच वर उचलली जातेय. वरच्याच पद्धतीने लेस बांधून फरक पडला नाही, तर तो साचा तुमच्या पायाचा नाही. फोड येण्याआधी त्या जागी गरम चुरचुर सुरू होते. तेव्हाच थांबून मायक्रोपोर पट्टी लावायची. "पुढच्या सपाटीवर बघू" म्हणून चालत राहिलात की तिथे फोड तयार असतो.

तळाची कड सुटायला लागली असेल आणि आतला फोम शाबूत असेल, तर कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडून चहूबाजूंनी शिलाई मारून घ्या. बरेच जण साधे ट्रेकिंग शूज नवे घेतल्या घेतल्याच शिवून घेतात, आणि ते शहाणपणाचं आहे. मात्र शिलाई तळाच्या कडेला असलेल्या खाचेतून जायला हवी, बाहेर उघडी राहिली तर कातळ तो दोरा दोन ट्रेकमध्ये खातो. वॉटरप्रूफ बुटाला सुई लावली की तो वॉटरप्रूफ राहत नाही. भुगा झालेल्या फोमला शिलाई धरतच नाही, तिथे पैसे घालवू नका.

राहिलं वाळवणं. गडाखालच्या घरात मुक्काम असला की मावशी आपुलकीने ओले बूट चुलीजवळ मांडून ठेवतात. त्यांना सांगून ते उचला. धगीने गोंद सुटतो, रबर ताठर होतं, चामडं तडकतं. लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आतला तळ वेगळा काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे ठासून बूट पडवीत वाऱ्याला ठेवा. झोपण्याआधी एकदा कागद बदला. सकाळी बूट पुरते वाळलेले नसतील, पण त्यांतून पाणी निथळणार नाही.