विंडोज की उबुंटू: इनबिल्ट ग्राफिक्स ताडताना
एकाच लॅपटॉपचं इनबिल्ट ग्राफिक्स (प्रोसेसरसोबतच येणारी, चित्र काढणारी चिप) विंडोजवर जास्त वेगानं चालतं की उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर, हे ताडायचं तर आधी त्या चिपचा ड्रायव्हर (तिला चालवणारं सॉफ्टवेअर) खरंच चालू आहे का ते बघा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसला, किंवा उबुंटूत रेंडरर (चित्र काढणारा घटक) म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ आला, तर चित्राचं सगळं ओझं प्रोसेसरच ओढतोय. तेव्हा आलेले वेगाचे आकडे धरूच नका. युनिजिन हेवन (ग्राफिक्सचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे ओपनजीएलवर (चित्र काढायची दोन्हीकडे चालणारी पद्धत), एकाच रिझोल्यूशनला चालवा. विंडोजवर डायरेक्टएक्स (विंडोजची स्वतःची तशीच पद्धत) राहिलं तर तुलनाच फसते, आणि ही चूक सर्रास होते. आकडा (सेकंदाला किती चित्रं) ६० वरच अडकला? व्हीसिंक (चित्रांचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा. चार्जर लावलेला हवा. सांगलीत एप्रिलच्या दुपारी लॅपटॉप तापून वेग पाडतो, म्हणून सकाळीच तीन-तीन फेऱ्या घेऊन मधला आकडा लिहा. रॅमची एकच पट्टी असेल तर दोन्हीकडे मार बसतो, कारण ही चिप रॅमच वाटून वापरते.