ज्येष्ठ रुग्णांच्या टीममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी: या चुका टाळा

मेडिसिन, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवून देणारी थेरपी) मुलं एका हॉलमध्ये बसवून वार्धक्यावर व्याख्यान दिलं की टीमचं शिक्षण झालं, असं धरलं जातं. तसं होत नाही. चार-पाच जणांचा गट, एकच रुग्ण आणि सगळ्यांचा मिळून एकच लेखी प्लॅन, एवढं तरी हवंच.

खुब्याचं फ्रॅक्चर होऊन हेमिआर्थ्रोप्लास्टी (खुब्याच्या सांध्यातला मांडीच्या हाडाचा गोळा बदलण्याचं ऑपरेशन) झालेल्या आजी घ्या. पायावर किती भार द्यायचा हे फिजिओचा विद्यार्थी एक सांगतो, ओटीचा दुसरंच. कारण ऑपरेशन नोट दोघांनीही उघडलेली नसते. भार किती आणि सांधा कुठल्या बाजूने उघडला, हे आधी तिथून उतरवून घ्या. मागून उघडला असेल तर सहसा खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. हे मुलांना तोंडपाठ असतं. पण मोरीत बुटकं प्लास्टिकचं स्टूल आहे का, हे कोणी विचारत नाही. त्यावर बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात, ९० अंश तिथेच ओलांडले जातात. गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. आसन त्याहून थोडं उंच हवं. मोरी-संडासाचे फोटो नातेवाइकांकडून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यातच मागवा.

सकाळी ११ वाजता विभागात एकदा उठवून-बसवून बार्थेल इंडेक्स (रोजच्या कामांत रुग्ण किती स्वावलंबी आहे याचे गुण) भरणं, ही तर रोजची चूक. रुग्णाला काय जमू शकेल हे त्यात लिहायचं नसतं. गेल्या २४ ते ४८ तासांत ती प्रत्यक्ष काय करते, ते लिहायचं. रात्री संडासला कोण नेतं, अंथरूण ओलं होतं का, हे रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत असतं. तिला न विचारता दिलेले गुण घरी गेल्यावर उघडे पडतात.

‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे वाक्य फाइलीत दिसलं की खोडायला लावा. चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी पडलंय का, ते आधी बघा. उठल्यावर गरगरत असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर व्यायाम थांबवून औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज असंबद्ध बोलतात किंवा नुसत्या पेंगतात? ‘वयच झालंय’ म्हणू नका. डिलिरियमची (आजारपणात अचानक होणाऱ्या मानसिक गोंधळाची) शंका त्याच तासाला कळवा.

राउंडला ‘एडीएल (रोजच्या कामांचं) ट्रेनिंग चालू आहे’ एवढंच सांगणारा विद्यार्थी टीमला काहीच देत नाही. त्याने असं बोलावं: ‘खुर्चीवरून कमोडवर एकाच्या आधाराने जातात. घरी कमोडची खुर्ची आली की सोडता येईल. खर्चाचं सोशल वर्करने बघायचंय.’




आणि पूर्वेतिहास एकानेच विचारावा, बाकीच्यांनी वाचावा. चौथ्यांदा तेच विचारलं की आजी ‘हो हो’ म्हणून मोकळ्या होतात.