कन्सोलच्या गरम हवेवर पोहे-अंडी? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात दुरुस्तीला आलेला एक प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) उघडला, तर आधी फोडणीचा वास आला. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा चिकट थर, हीटसिंकच्या (आतली उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांत मोहरीचे दाणे. घरातला मुलगा पोह्यांचा डबा गरम राहावा म्हणून रोज कन्सोलवर ठेवायचा. एक दिवस तो कलंडला. तेव्हापासून गेम सुरू केला की दहा मिनिटांत कन्सोल बंद. नागपुरात असे प्रयोग उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत फार होतात, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक समजुतीची आहे. कन्सोलमधून एवढी गरम हवा येते, मग त्यावर अंडं का उकडू नये? प्लेस्टेशन ५ गेम चालू असताना साधारण २०० वॅट वीज खातो आणि जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. नुसत्या हिशेबाने तेवढ्यात एक लिटर पाणी पंचवीसेक मिनिटांत उकळायला हवं. पण ती हवा हाताला कितीही झोंबली तरी ५०-६० अंशांच्या आसपासच असते, आणि तिच्यावर ठेवलेलं पाणी तिच्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही. अंड्याचा पांढरा भाग धरायलाच ६० च्या वर जावं लागतं. तुम्ही चार तास खेळलात तरी अंडं कच्चंच राहणार.

मग काही जण हवा जास्त तापावी म्हणून गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर फॉइल लावतात किंवा टॉवेल गुंडाळतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर बिघाड झाला की तीन लाल दिवे लागायचे, तेव्हा टॉवेल गुंडाळून तो तापवायचा उपाय जगभर पसरला होता. काही कन्सोल थोडे दिवस चालले, मग पुन्हा गेले. त्या बिघाडासाठी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. सोनी तर प्लेस्टेशन ५ साठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. कूलर नसलेल्या खोलीत ३५ अंश सकाळीच होऊन जातात. म्हणजे आपला कन्सोल आधीच सोसवेल तेवढं सोसत असतो. त्याचा श्वास कोंडू नका.

कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका. ती हवा गार असते पण ओली असते, आणि पाण्याचे तुषार उडाले तर क्षारांचे पांढरे डाग थेट आतल्या सर्किट बोर्डवर बसतात.

अन्नाचं काय होतं, तेही बघा. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान जंतूंना मानवतं. शिजलेल्या भातातही बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून ‘कन्सोलवर ठेवलेला भात’ लहान पोरांना तर मुळीच देऊ नका.

डिसेंबरच्या थंडीत दही लागत नाही म्हणून कन्सोलजवळ भांडं ठेवू का, असंही विचारतात. नको. विरजण लावलेलं भांडं जाड कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा, सकाळपर्यंत लागतं.

सांडलंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. चालू करून बघायचा मोह टाळा. ओल्या बोर्डवर वीज गेली की साधी सफाई राहत नाही, बोर्डच बदलावा लागतो. हेअर ड्रायर मारू नका, कन्सोल घरी उघडू नका. वीजपुरवठ्याचा भाग आतच असतो. तसाच दुरुस्तीला आणा आणि काय सांडलं ते खरं सांगा. तेल असेल तर सफाई वेगळी करावी लागते.

काही सांडलेलं नसेल आणि तरी तापत असेल, तर भिंतीपासून १० सेंटीमीटर मोकळे सोडा, टीव्हीच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. मग खेळ सुरू करून मागे हात धरा. पंखा ओरडतोय पण हवा नुसती फुंकर घातल्यासारखी येतेय, तर धूळ आत हीटसिंकपर्यंत गेलेली आहे.