ट्रेलवर ई-माउंटन बाइक बिघडली तर काय करायचं

मागच्या श्रावणात नागपूरजवळच्या झिल्पी तलावाकडच्या एका कच्च्या उतारावर माझी मोटर बंदच होईना. पायडल थांबवलं, मागचा ब्रेक दाबला, तरी चाक पुढं ढकलूनच राहिलं, अन् मी सरळ बाभळीत. कोपर सोललं, हातात दोन काटे मोडले, पण तिथं बाभळीच्या जागी नाला असता तर हे लिहायला बसलो नसतो. नंतर पाहिलं तर अंगठ्यानं दाबायच्या थ्रॉटलमध्ये मातीचे कण अडकून तो परत येतच नव्हता, आणि ब्रेक लिव्हरमधून कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या डबीला) जाणारी कट-ऑफची, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी वायर कनेक्टरमधून अर्धी निसटलेली. नुसता थ्रॉटल अडकला असता तर ब्रेक दाबताच मोटर बंद पडली असती, दोन्ही एकदम झालं म्हणून घात झाला.

म्हणून निघायच्या आधी ही एक टेस्ट करायचीच. गाडी स्टँडवर लावा नाहीतर मागचं चाक कोणाला उचलून धरायला सांगा, थ्रॉटल किंवा वॉक मोडनं (गाडी ढकलतानी मोटर हळू फिरवायची सोय) चाक फिरवा आणि आधी एक, मग दुसरा असे दोन्ही लिव्हर वेगवेगळे दाबून पाहा. मोटर त्याच क्षणी बंद झाली पाहिजे. मिड-ड्राइव्हवाल्या, म्हणजे पायडलपाशी मोटर असलेल्या चांगल्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा हा कट-ऑफ नसतोच, कारण तिथं पायाचा जोर थांबला की मोटर थांबते, त्यामुळं तुमच्या गाडीत काय आहे ते आधी माहीत करून घ्या.

आणि तरीही मोटर पळत सुटली तर पाय जमिनीला टेकवायचे नाहीत, उडीही मारायची नाही. दोन्ही ब्रेक लावा, मागचा पूर्ण आणि पुढचा हळूहळू वाढवत, कारण चिखलात पुढचा एकदम दाबला तर चाक घसरतंच. डिस्क ब्रेक धड असतील तर २५० वॅटची मोटर त्यांच्यापुढं टिकत नाही. गाडी थांबली की डिस्प्लेशी खेळत बसू नका, सरळ बॅटरी काढा.

आता जास्त वेळा होणाऱ्या गोष्टी. खड्ड्यात आपटलं की डिस्प्ले विझतो आणि पुन्हा लागतो, हे म्हणजे बॅटरी तिच्या पट्टीत हलून राहिली. काढून पाहा, पिना काळ्या पडल्या असतील तर तिथं ठिणगी उडते आहे. रस्त्यावर कोरड्या कापडानं पुसून वेल्क्रोच्या पट्ट्यानं आवळून घरी या, पण काळं डाग पडलेलं कनेक्टर बदलल्याशिवाय पुन्हा ट्रेलवर नेऊ नका. मोटर मधेच गायब होते आणि स्पीड शून्य दाखवते, तर मागच्या स्पोकवरचं लोहचुंबक सरकलं असेल, ते सेन्सरसमोर बोटभर अंतराच्या आत आणून घट्ट करा, पाच मिनिटांचं काम आहे.

हब मोटरवाल्यांनी, म्हणजे चाकाच्या मधोमध मोटर असलेल्यांनी ॲक्सलचे (चाकाच्या दांड्याचे) नट दर दोन-तीन राइडनंतर पाना लावून पाहावेत. मोटर जोर लावते तेव्हा ॲक्सल उलटं फिरायला पाहतं, नट ढिला असला तर ते फ्रेममधून निसटून वायर पिळून टाकतं, आणि हे चढावर होतं. बाभळीचे काटे तर आपल्याकडं पाचवीला पुजलेले, पण हबवालं मागचं चाक जंगलात काढणं म्हणजे नट, वायरचा कनेक्टर, केबल टाय सगळंच आलं. त्यापेक्षा चाक जागेवर ठेवून टायरची एक बाजू सोडा, ट्यूब बाहेर ओढा, काटा शोधून पॅच मारा.

उतारावर एक लक्षात ठेवा, गाडी वीस-पंचवीस किलोची आहे आणि बहुतेक गाड्यांमध्ये मोटर ब्रेकिंगला काहीच मदत करत नाही. सतत ब्रेक दाबून उतरलात तर डिस्क तापते, लिव्हर खाली जाते, पकड कमी होते. थोडं जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. जळका वास आला की थांबा, डिस्कला हात लावू नका आणि तिच्यावर ऑइलचा स्प्रे तर चुकूनही नको.

उन्हाळ्याचं वेगळंच आहे बाप्पा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लांब चढावर हब मोटर हळू फिरत असली की आतल्या आत तापते आणि अंगातलं त्राण गेल्यासारखी होते. तेव्हा असिस्ट (मोटरची मदत) कमी करा, हलका गिअर टाका, सावलीत पंधरा मिनिटं थांबा. घरी आल्या आल्या बॅटरी चार्जिंगला लावू नका, हाताला गार लागेपर्यंत थांबा, लिथियम बॅटरी ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते. फुगलेली, गोडसर वासाची किंवा फुसफुसणारी बॅटरी दिसली तर तिच्यापासून दूर व्हा आणि १०१ ला फोन करा. ती घरात किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावायची तर बातच सोडा.

मी आता किती लांब जायचं हे मोटर बंद पडली तर एकट्यानं ढकलत किंवा पायडल मारत परत येता येईल का यावर ठरवतो. निम्मी बॅटरी संपायच्या आत मागं फिरतो, कारण येतानी वारा समोरून असला की हिशोब चुकतो. गाडीचा लाइट बॅटरीसोबतच मरतो म्हणून वेगळा टॉर्च ठेवतो. गोरेवाड्याकडं किंवा कुठल्याही जंगलाच्या कडेला बिबट आहे, तिथं परवानगीशिवाय आणि सूर्य मावळल्यावर अडकून पडायची वेळ येऊच द्यायची नाही, आणि निघतानी घरी रस्ता अन् परत यायची वेळ सांगून जातो. पडून लागलं तर ११२ किंवा अँब्युलन्सला १०८, पण झाडीत रेंज जाते, म्हणून जिथं शेवटची रेंज आली होती ती जागा लक्षात ठेवायची सवय लावा.

परत आल्यावर काळी माती वाळायच्या आत ओल्या कापडानं पुसून काढा. प्रेशरच्या पाण्यानं धुवू नका, ते बेअरिंग आणि कनेक्टरमध्ये शिरतं अन् पुढच्या राइडला भलतीच गडबड दाखवतं. माझं थ्रॉटल आता दर राइडनंतर सुक्या ब्रशनं साफ होतं, आणि परत स्प्रिंगसारखं येतं का ते दहा वेळा दाबून पाहिल्याशिवाय मी गाडी आत घेत नाही.